पहिल्या वर्षाआधीचा उन्हाळा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नीटची परीक्षा होते. त्या दिवशी संध्याकाळी केजच्या बसस्थानकावर बीड किंवा लातूरच्या केंद्रावरून परतलेली मुले-मुली उतरतात. दोन वर्षे लातूरला खोली करून राहिलेली, मेसचे डबे खाल्लेली, रोज चाचणी परीक्षा देऊन थकलेली ही पोरे. दुसऱ्या दिवशी पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून माळ्यावर जातात, नाहीतर शेजारच्या धाकट्या भावंडाला दिले जातात. मग निकाल, गुणवत्ता यादी, प्रवेशाच्या फेऱ्या. प्रत्यक्ष कॉलेज सुरू व्हायला तीन-चार महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. या मधल्या काळात मुलांना कोणी काही शिकवत नाही. आईवडील म्हणतात, ‘लई शिणलंय लेकरू, जरा आराम करू द्या.’ ते चुकीचेही नाही. पण या चार महिन्यांतला एक महिना नीट वापरला गेला, तर पुढचे वर्ष वाचू शकते. काही मुलांचे तर पुढचे सगळे शिक्षणच वाचू शकते.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला तीन मोठे विषय असतात : शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. त्यांतला शरीररचनेचा, म्हणजे अ‍ॅनाटॉमीचा धसका सर्वांत मोठा. २०१९ मध्ये देशभर लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात या एका विषयासाठी ६७५ तास ठेवले होते. एवढे तास मिळूनही विद्यार्थ्यांना वेळ अपुरा वाटतो, कारण मजकूरच अफाट आहे. प्रौढ माणसाच्या अंगात २०६ हाडे. प्रत्येक हाडाला कंगोरे, खाचा, छिद्रे आणि त्या प्रत्येकाला नाव. त्यावर शेकडो स्नायू, ते कुठून सुरू होतात, कुठे चिकटतात, त्यांना कोणती नस चालवते, रक्त कोठून येते. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आणि त्यांचे फाटे. नापास झाले तर पुन्हा परीक्षा देता येते, पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार पहिल्या वर्षासाठी चारच संधी मिळतात. त्या संपल्या की एमबीबीएसचा रस्ता बंद. लाखो मुलांतून निवडून आलेल्या मुलावर ही वेळ यावी, याइतकी दुःखद उधळपट्टी दुसरी नाही.

अशी वेळ कोणावर येते, हे पाहिले पाहिजे. बुद्धी कमी पडली म्हणून पहिले वर्ष जड जाते, असे सहसा घडत नाही. नीटची चाळण बुद्धी आणि चिकाटी दोन्ही तपासून घेते. अडचण वेगळीच असते. केज तालुक्यातल्या एखाद्या गावातून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आलेल्या मुलापुढे पहिल्या आठवड्यात तीन अनोळखी गोष्टी एकदम येऊन उभ्या राहतात : नवी भाषा, नवी नजर आणि मृतदेह. मोठ्या शहरात, डॉक्टर आईबापांच्या घरात वाढलेल्या मुलाने यांतल्या एकदोन गोष्टी आधीच पाहिलेल्या असतात. घरातल्या कपाटात जाडजूड पुस्तके असतात, कोपऱ्यात हाडांची जुनी पेटी असते, जेवताना ‘फीमर’ आणि ‘गॉल ब्लॅडर’ हे शब्द कानावर पडलेले असतात. गावाकडच्या मुलाला तिन्ही गोष्टी एकाच सोमवारी भेटतात.

आधी भाषेचे पाहू. अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून असते खरे, पण वर्गात समजावून सांगणे मराठीतच चालते आणि परीक्षा चार पर्यायांतून एक निवडण्याची. वैद्यकीय शिक्षणात मात्र पानेच्या पाने इंग्रजीत लिहायची असतात आणि तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर बोलायचे असते. त्यातही अ‍ॅनाटॉमीची भाषा धड इंग्रजी नाही. तिच्यातले बहुतेक शब्द लॅटिन आणि ग्रीक आहेत. हे कोणी सांगतच नाही, म्हणून मूल ते मंत्रासारखे पाठ करते आणि आठवड्याने विसरते.

खरे तर हे शब्द पाहिले की कळते, ते साध्या माणसांनी साध्या वस्तूंवरून पाडलेले आहेत. गुडघ्याच्या पुढच्या हाडाला ‘पटेला’ म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये लहान पसरट भांडे. आपण मराठीत काय म्हणतो? गुडघ्याची वाटी! नडगीच्या हाडाचे नाव ‘टिबिया’, म्हणजे पावा. गळ्याखालच्या आडव्या हाडाचे ‘क्लॅव्हिकल’, म्हणजे छोटी किल्ली. मराठीत त्याला हासळी म्हणतात, गळ्यात घालायच्या दागिन्यावरून. ‘पेल्व्हिस’ म्हणजे घंगाळ. ‘मसल’ हा शब्द ‘छोटा उंदीर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, कारण कातडीखाली स्नायू सरकताना उंदीर पळाल्यासारखा दिसतो. आपल्याकडे पोरे दंड फुगवून बेटकुळी दाखवतात. रोमन माणसाला उंदीर दिसला, मराठी माणसाला बेडूक दिसला, एवढाच फरक. कण्याच्या शेवटच्या हाडाला ‘कॉक्सिक्स’ म्हणतात, कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याच्या चोचीवरून. मराठीने त्याच हाडाला माकडहाड म्हणून शेपटीची आठवण जपली. अशी शंभर-दीडशे मुळे कळली की हजारो नावांची कुलपे उघडतात. हे काम दोन आठवड्यांत, हसतखेळत, मराठीतून होऊ शकते.

मराठीतून शरीर शिकवण्याचा विचार नवा नाही. मुंबईत १८२६ साली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी सरकारी शाळा निघाली होती. ती १८३२ मध्ये बंद पडली आणि १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण इंग्रजीतून सुरू झाले. आता पुढचे सगळे शिक्षण मराठीतून द्यावे की नाही, हा वाद मोठा आहे आणि तो लगेच मिटणारा नाही. पण इंग्रजीच्या दारापर्यंत मराठीचा हात धरून नेण्याला कोणाचीच हरकत नसावी. आयुर्वेदाला जाणाऱ्या मुलांना तर दोन शब्दसंग्रह सांभाळावे लागतात. त्यांच्या ‘रचना शारीर’ विषयात संस्कृत नावेही असतात. सुश्रुतसंहिता हाडांची संख्या ३०० सांगते, आजचे पुस्तक २०६. दोन्ही का, हे समजून घेताना हाड कशाला म्हणायचे, दात आणि कूर्चा त्यात धरायची का, हा मूळ प्रश्नच कळून जातो. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात मृतदेह गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग एकेक थर खरवडून डोळ्यांनी पाहावा, अशी रीत सांगितली आहे. शरीर वाचून कळत नाही, पाहून कळते, हे इथल्या माणसाला फार पूर्वी उमगले होते.

दुसरी अडचण नजरेची. पुस्तकातले चित्र सपाट असते, शरीर सपाट नसते. जठराच्या मागे स्वादुपिंड, त्याच्या मागे महारोहिणी, त्याच्या मागे कणा, हे एकामागे एक रचलेले डोळ्यांपुढे उभे करावे लागते. दिशांचे नियमही वेगळे. अ‍ॅनाटॉमीत माणूस नेहमी ताठ उभा, तळवे पुढे केलेला मानतात. तो खाटेवर आडवा झोपला तरी त्याचे डोके ‘वर’च. उजवी-डावी बाजू रुग्णाची, बघणाऱ्याची नव्हे. त्या अवस्थेत अंगठा शरीराच्या बाहेरच्या बाजूला आणि करंगळी आतल्या बाजूला येते. ज्याने कधी हा विचार केलेला नाही, तो पहिले महिनाभर गोंधळतो. नीटच्या चार पर्यायांनी ही नजर तयार होत नाही. ती हाताने काम करून तयार होते. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या पोराला चिकणमातीचा मणका करायला सांगा. पुढे गोल धड, मागे कमान, दोन बाजूंना दोन पंख, मागे काटा आणि मधून मज्जारज्जूची वाट. एकदा हाताने केलेला मणका डोक्यातून जात नाही.

तिसरी गोष्ट विच्छेदनकक्षाची. फॉर्मलिनचा डोळ्यांत झोंबणारा वास, टेबलावर झाकून ठेवलेला देह आणि ‘हा कोणाचा तरी बाप असेल’ हा विचार. पहिल्या दिवशी कोणाला चक्कर येते, कोणाला रात्री झोप येत नाही, कोणाचे जेवण सुटते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण हे आधी कोणी सांगितलेले नसते. देहदान म्हणजे काय, कायदा काय सांगतो, त्या देहाशी कसे वागायचे, याची शांतपणे चर्चा आधी झाली तर मुलगा त्या खोलीत घाबरत नव्हे, अदबीने शिरतो.

वैद्यकीय आयोगाला ही अडचण माहीत आहे. म्हणूनच २०१९ च्या अभ्यासक्रमात सुरुवातीला महिनाभराचा ‘फाउंडेशन कोर्स’ घालण्यात आला. कल्पना चांगली होती. पण त्यात भाषा, संगणक, खेळ, नीतिमत्ता, आरोग्य केंद्राची भेट असे बरेच काही कोंबलेले आहे. पुढे त्याचा काळही आखडला आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की सर्वांत आधी कात्री त्यालाच लागते. शिवाय उशिराच्या फेरीत प्रवेश मिळालेला मुलगा येतो तेव्हा वरच्या अवयवाचे, म्हणजे हाताचे, अर्धे विच्छेदन संपलेले असते. उशिरा येणाऱ्यांत काठावर गुण मिळालेले, गावाकडचे, पैशांची जुळवाजुळव करून आलेले विद्यार्थी बरेच असतात. ज्याला आधार जास्त हवा, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो.

अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी यावर उन्हाळी तयारी वर्गाचा उपाय काढला. वर्ग सुरू होण्याआधीच्या सुट्टीत काही आठवडे नव्या विद्यार्थ्यांना, विशेषतः ज्यांच्या घरात आधी कोणी डॉक्टर झालेले नाही किंवा ज्यांची शाळा साधी होती अशांना, बोलावून शरीररचनेची तोंडओळख करून देतात. अशा वर्गाकडून अपेक्षा नेमकी ठेवावी. महिनाभरात कोणी अ‍ॅनाटॉमी ‘पूर्ण’ करत नाही आणि करूही नये. पहिल्या दिवशी वर्गात बसल्यावर शब्द ओळखीचे वाटावेत, हाड हातात आले तर ते उजवे की डावे हे कसे ठरवायचे ते माहीत असावे, प्रश्न विचारायची हिंमत असावी, एवढे झाले तरी पुरे.

केजसारख्या ठिकाणी असा वर्ग कसा असावा? उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून सकाळी सात ते नऊ. चार आठवडे. नगरपंचायतीचे सभागृह, एखाद्या महाविद्यालयाची रिकामी खोली, काहीही चालेल. पहिला आठवडा शब्द आणि दिशांचा, आणि स्वतःच्या शरीराचा. बरगड्या मोजा, बारा जोड्या कुठे सुरू होतात ते बोटाने शोधा. मनगटावर, कोपरात, जांघेत, घोट्याजवळ नाडी कुठे लागते ते एकमेकांच्या हातापायांवर पाहा. खुब्याच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत एक रेघ ओढा आणि टोकाकडून तिचा पहिला तिसरा भाग संपतो तिथे खूण करा. उजव्या बाजूला साधारण त्याच जागी अपेंडिक्सचा उगम असतो. याला ना प्रयोगशाळा लागते ना पैसा.

दुसरा आठवडा हाडे आणि सांधे. पूर्वी खऱ्या हाडांच्या पेट्या एका तुकडीकडून दुसरीकडे जात. तयारीच्या वर्गाला त्यांची गरज नाही, प्लास्टिकचा एक सांगाडा पुरतो. शाळेत शिकलेला उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा इथे खुब्यात आणि कोपरात प्रत्यक्ष दाखवता येतो. तिसरा आठवडा छाती आणि पोटाचा. इथे गावचा खाटीक उपयोगी पडतो. बोकडाचे हृदय माणसाच्या हृदयासारखेच चार कप्प्यांचे असते. कापल्यावर डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड दिसते आणि का, हे विचारले की रक्ताभिसरण आपोआप समजते. श्वासनळीसकट फुप्फुस आणून सायकलच्या पंपाने हवा भरली की ते कसे फुगते ते मुले जन्मभर विसरत नाहीत. हातमोजे घालावेत, तोंडाने फुंकू नये, कारण ब्रुसेला नावाच्या जंतूची लागण जनावरांच्या अवयवांतून होऊ शकते. ज्यांना हे पाहणे नको असेल त्यांच्यासाठी प्रतिकृती ठेवावी, सक्ती नसावी.

याच तासाला एक गंमत कळते. खाटकाकडे काळीज मागितले की तो यकृत देतो. पण आजीच्या काळजात धस्स होते तेव्हा तिचा हात छातीवर जातो. रुग्ण ‘काळीज धडधडतंय’ म्हणतो तेव्हा तो हृदयाबद्दल बोलत असतो. उद्याच्या डॉक्टरला आणि नर्सला ही दोन्ही भाषांतरे यायला हवीत : लॅटिनमधून मराठीत आणि रुग्णाच्या मराठीतून पुस्तकात. मोठ्या शहरातल्या मुलाला जे कष्टाने शिकावे लागेल ते केजच्या मुलाकडे आधीपासून आहे. पोटरी, नडगी, खवाटा, कुशी, ओटीपोट, जांघ, टाळू, पडजीभ हे शब्द त्याच्या घरातले आहेत. ही त्याची शिदोरी आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

चौथा आठवडा नसा, रक्तवाहिन्या, ओटीपोटातले अवयव आणि शेवटी विच्छेदनकक्षाची मानसिक तयारी. अशा वर्गात मृतदेह आणायचा नसतो, आणताही येत नाही. महाराष्ट्राचा १९४९ चा अ‍ॅनाटॉमी कायदा मृतदेहांचा असा वापर मान्यताप्राप्त संस्थांपुरताच ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण केजहून अंबाजोगाई दूर नाही. तिथे सत्तरच्या दशकात सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नावातच ‘ग्रामीण’ असलेले. वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचना विभागाला स्वतःचे संग्रहालय असते. जतन केलेले अवयव, गर्भाच्या वाढीचे टप्पे, सांगाडे. तयारी वर्गातल्या मुलांना वर्षातून एक दिवस ते पाहू देणे, एका प्राध्यापकाने दोन तास देणे, एवढे सरकारी महाविद्यालयाला जड जाऊ नये.

आता एक महत्त्वाचा मुद्दा. हा वर्ग फक्त एमबीबीएसच्या मुलांसाठी असला तर त्याचा उपयोग अर्धाच. केजमधून नीट देणाऱ्यांपैकी एमबीबीएसला जाणारे थोडेच. बाकीचे कोणी आयुर्वेदाला, होमिओपॅथीला, फिजिओथेरपीला, कोणी बी.एस्सी. नर्सिंग, जीएनएम, एएनएम, फार्मसी, कोणी प्रयोगशाळा किंवा एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला जातात. शरीररचना या बहुतेकांना थोड्याफार फरकाने शिकावी लागते. आणि पुढे तालुक्यात राहून प्रत्यक्ष लोकांच्या अंगाला हात लावणारे हेच असतात. एमबीबीएस झालेला मुलगा पुण्या-मुंबईला जाईल, उपकेंद्रावरची नर्स इथेच राहील.

तिच्या हातात रोज इंजेक्शनची सिरिंज असते. कुल्ल्यावर इंजेक्शन द्यायचे तर त्या भागाचे मनात चार चौकोन करून वरच्या बाहेरच्या चौकोनात द्यावे, हा नियम सर्वांना पाठ असतो. का, हे माहीत नसले की घाईत हात खाली किंवा आत सरकतो. तिथून सायटिक नर्व्ह, शरीरातली सर्वांत जाड नस, पायाकडे जाते. तिला सुई किंवा औषध लागले तर पाऊल उचलता येईनासे होते. लहान मुलांत ही इजा विशेष दिसते, कारण त्यांचे स्नायू पातळ असतात. म्हणूनच बाळांना लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. ज्याने ती नस चित्रात आणि सांगाड्यावर एकदा आखून पाहिली, तो ही चूक करत नाही.

बीड जिल्ह्याला शरीररचनेच्या अज्ञानाची किंमत याहून मोठी मोजावी लागली आहे. इथल्या बायका गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवी काढली’ हे वाक्य या भागात घरोघर ऐकू येते. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागची कारणे अनेक आहेत. मुकादमाची उचल, एक दिवस काम चुकले की खाडा, फडात ना संडास ना पाणी, पाळीच्या दिवसांतली ओढाताण आणि ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी घातलेली भीती. उन्हाळी वर्गाने हे सगळे सुटेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यासाठी कायद्याची अंमलबजावणी, मजुरीचे नियम आणि सरकारी दवाखान्यातली सोय लागते.

पण भीतीला जागा मिळते ती अज्ञानातच. एखादी गोष्ट नुसती पिशवी असेल, तर काम झाल्यावर ती काढून टाकायला काय हरकत? गर्भाशय म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर लांबीचा, उलट्या पेरूच्या आकाराचा, जाड स्नायूंचा अवयव. त्याच्या दोन्ही बाजूंना बीजांडकोश. शस्त्रक्रियेत तेही काढले गेले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचा काळ येतो, अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात. आणि जिला ऊस तोडून मोळी डोक्यावर घ्यायची आहे तिला हाडांचीच गरज सर्वांत जास्त. गर्भाशयाच्या मुखापासून दोन सेंटिमीटरवर मूत्रवाहिनी जाते, गर्भाशयाच्या रोहिणीच्या अगदी खालून, पुलाखालून पाणी जावे तशी. शस्त्रक्रियेत तिला इजा होण्याचा धोका असतो. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा औषधाने बरे होणारे दुखणे आहे. यांतले काहीही अवघड नाही. बारावी झालेल्या मुलीला एका सकाळी समजेल इतके सोपे आहे.

आणि ती मुलगी उन्हाळ्यात कुठे असते? घरी. ऊसतोडीला गेलेले कोयते दिवाळीच्या आसपास निघतात आणि गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे आई घरी आणि नर्सिंगला जाऊ घातलेली लेकही घरी, असा वर्षातला हाच काळ. सकाळी वर्गात काढलेले चित्र संध्याकाळी ओट्यावर आईला दाखवले गेले, तर त्या तासाचे काम दुप्पट होते. ‘दवाखान्यात पिशवी काढायला सांगितली तर आधी काय विचारायचं?’ हा प्रश्न आईने लेकीला विचारावा आणि लेकीला उत्तर देता यावे. सोनोग्राफी केली का, औषधाने बरे होणार नाही का, बीजांडकोश ठेवणार की काढणार, सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतले का. हे चार प्रश्न विचारणारी बाई सहजासहजी फसत नाही. हा पाठ शिकवायला शक्यतो महिला डॉक्टर किंवा ज्येष्ठ परिचारिका असावी. मुलगे-मुली एकत्र बसले तरी हरकत नाही, पण चेष्टेला जागा नसावी आणि शब्द सरळ वापरावेत.

या कल्पनेवर आक्षेप येतील आणि ते रास्तही आहेत. पहिला म्हणजे हा आणखी एक शिकवणीचा धंदा होईल. नीटच्या शिकवण्यांनी आधीच अनेक घरांना कर्जात घातले आहे. ‘एमबीबीएस फाउंडेशन, लवकर प्रवेश घ्या’ अशा पाट्या लागायला वेळ लागणार नाही. म्हणून दोन बंधने हवीत. वर्ग मोफत किंवा नाममात्र शुल्काचा असावा आणि त्यात परीक्षा, क्रमांक, फलकावर फोटो यांतले काही नसावे. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम आधीच उरकून देण्याचे आश्वासन जो देईल, त्याच्यापासून पालकांनी लांब राहावे. घोकून आलेला मुलगा वर्गात ऐकत नाही आणि दिवाळीपर्यंत त्याची पुंजी संपते.

दुसरा आक्षेप, निकाल लागण्याआधी वर्ग घेतला तर ज्याला प्रवेशच मिळणार नाही त्याचे काय? त्याचेही काही वाया जात नाही. पुन्हा नीट देणार असेल तर जीवशास्त्रातला मानवी शरीराचा भाग पक्का होतो. दुसऱ्या कुठल्या आरोग्य अभ्यासक्रमाला गेला तर तिथे उपयोग. आणि यांतले काहीच न करता शेती किंवा दुकान सांभाळले, तरी घरात हृदयविकाराचा झटका ओळखणारा, रक्तस्राव कुठे दाबायचा हे माहीत असलेला एक माणूस तयार होतो. तिसरा आक्षेप शिक्षकांचा. शरीररचनेचे प्राध्यापक मिळत नाहीत हे खरे. पण तोंडओळख करून द्यायला प्राध्यापकच हवा असे नाही. निवृत्त डॉक्टर, नर्सिंग आणि आयुर्वेद महाविद्यालयांतले शिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि सर्वांत उपयोगी म्हणजे याच तालुक्यातून आदल्या वर्षी गेलेले विद्यार्थी. सुट्टीत आठ दिवस घरी आलेला दुसऱ्या वर्षाचा मुलगा जेव्हा सांगतो, ‘मलाही पहिल्या परीक्षेत भोपळा मिळाला होता,’ तेव्हा समोरच्याला जो धीर येतो तो कुठल्याही पुस्तकाने येत नाही.

हे काम कोणाचे? वैद्यकीय शिक्षण विभागाने जिल्ह्यागणिक एक साधा आराखडा, मराठी शब्दांच्या मुळांची एक पुस्तिका आणि प्रत्येक शासकीय महाविद्यालयाला एक-दोन भेटीचे दिवस ठरवून द्यावेत. डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेने शिकवणाऱ्यांची यादी करावी. ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकांनी इंजेक्शनचा आणि ओटीपोटाचा पाठ घ्यावा. सभागृह, सतरंजी, पिण्याचे पाणी आणि एक सांगाडा गावाने द्यावा. पुतळे आणि कमानींसाठी वर्गणी काढणाऱ्या गावाला हे अवघड नाही.

दर मे महिन्यात ती मुले पुन्हा बसमधून उतरतील. त्यांना आठ दिवस झोपू द्यावे, लग्ने-जत्रा फिरू द्यावे. त्यानंतर एका सकाळी सात वाजता त्यांना एका खोलीत बसवून एवढेच सांगावे : आपल्या गुडघ्याची वाटी चाचपून बघा आणि तिचे दुसरे नाव लिहून घ्या.